सायकॉलॉजीच्या प्रयोगांसाठी स्वस्तातला रिस्पॉन्स बॉक्स: साधा कीबोर्ड पुरेल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते. आमच्याकडे एम.ए.च्या प्रॅक्टिकलला अजून क्रोनोस्कोप (प्रतिसादाची वेळ मोजायचं यंत्र), मेमरी ड्रम, मिरर ड्रॉइंगचा बोर्ड असंच सगळं आहे आणि त्यातला क्रोनोस्कोप गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. यंदा ठरवलंय की रिॲक्शन टाइमचे प्रयोग कॉम्प्युटरवर घ्यायचे. सायकोपाय हे प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकून घेतलं, स्ट्रूप (रंगाचं नाव वेगळ्या रंगात लिहिलेलं असताना शाईचा रंग सांगणं) आणि फ्लँकर (बाजूच्या खुणांकडे दुर्लक्ष करून मधल्या खुणेला उत्तर देणं) चालूही झाले. अडलंय ते बटणापाशी.

पेपरांमध्ये सगळीकडे रिस्पॉन्स बॉक्स, म्हणजे उत्तराची बटणं असलेली खास पेटी, लिहिलेला असतो. मी एका परदेशी बॉक्सचं कोटेशन मागवलं तर एका नगाची किंमतच आमच्या अख्ख्या बजेटच्या वर गेली, वर कस्टम ड्युटी आणि कुरियर वेगळं. बजेट १५,००० रुपये, मशीन पाच, सगळ्यांचे मॉनिटर ६० हर्ट्झचे (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारे), कीबोर्ड वायरचेच पण पाच कंपन्यांचे पाच. विभागात असं मत पडलंय की बॉक्स नसेल तर मिलिसेकंदातले आकडे धरायचेच नाहीत, पुढच्या वर्षी ग्रँट आली की बघू. पण यंदाची बारा मुलं पुढच्या वर्षी नसणारेत, त्यातल्या एका मुलीला मराठी शब्द आणि बनावट शब्द ओळखण्यावर प्रोजेक्ट करायचंय, तिनं शब्दांची यादीसुद्धा तयार केलीये.

तर साधा कीबोर्ड चालेल का, माउस घ्यावा का, गेमपॅड घ्यावा का, की कुणी घरी काही बनवलंय? जे वापरलं असेल ते सांगा प्लीज.

उत्रेख्तकर

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी ज्या गावात बसून हे टाइप करतोय तिथेच डोंडर्सनी १८६८ साली मनातल्या प्रक्रियेला किती वेळ लागतो याचे प्रयोग छापले, आणि त्यांच्याकडे ना बटणपेटी होती ना कॉम्प्युटर, 'की' 'का' 'को' अशी अक्षरं माणसांकडून उच्चारून घेऊन त्यांनी वेळ मोजली. असो, मुद्द्यावर येतो.

कीबोर्डच्या आत प्रत्येक कीला वेगळी वायर नसते, आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते आणि आतली चिप एकेक ओळ तपासत फिरत असते. की दाबली की संपर्क क्षणभर थरथरतो, चालू-बंद-चालू होतो, तो स्थिर होईपर्यंत चिप काही मिलिसेकंद थांबते, याला डिबाउन्स म्हणतात. मग कॉम्प्युटर यूएसबीवरून विचारायला येतो, काही आहे का म्हणून, आणि साध्या कीबोर्डला तो सेकंदाला १२५ वेळा विचारतो म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. हे सगळं मिळून उशीर होतो, कीबोर्डाकीबोर्डाप्रमाणे कधी १०-१५ तर कधी ४०-५० मिलिसेकंदसुद्धा. ऐकायला भयंकर वाटतं. पण या उशीराचे दोन तुकडे करा.

एक तुकडा कायमचा. समजा प्रत्येक दाबाला २५ मिलिसेकंद उशीर होतोच. तुम्ही स्ट्रूपमध्ये काय बघता? एकाच माणसाची जुळणाऱ्या शब्दांची सरासरी आणि न जुळणाऱ्यांची सरासरी, यातला फरक. दोन्हीकडे २५ मिळवले तर वजाबाकीत ते उडाले. संपलं.

दुसरा तुकडा हलता, त्याला जिटर म्हणतात. दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा होते म्हणून एखादा दाब लगेच उचलला जातो, एखादा जवळजवळ ८ थांबतो. ० ते ८ मध्ये सारखं पसरलेलं असेल तर त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ८ भागिले वर्गमूळ १२, म्हणजे साधारण २.३. आता माणसाचं बघा. दोन पर्यायांतून निवड करायची असली की एकाच माणसाच्या वेळा ट्रायलगणिक (दर खेपेला) सहज १०० च्या आसपासच्या स्टँडर्ड डेव्हिएशननं हलतात. दोन्हींचे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. १००.०३ येतं! म्हणजे कीबोर्डानं तुमच्या डेटात ०.०३ ची भर घातली. जिटर २० मिलिसेकंदांचा रुंद धरला तरी १००.१७.

आणि ट्रायल वाढवून काय मिळतं ते बघा. ४० ट्रायलला सरासरीची स्टँडर्ड एरर (ती किती डळमळीत आहे ते) १५.८ येते, १०० ट्रायलला १०. हा फायदा कुठलाच बॉक्स विकत देऊ शकत नाही. डेमियन यांचा २०१० सालचा पेपर नेमका याच प्रश्नावर आहे, की माणसाचा स्वतःचा हलतेपणा कीबोर्डाच्या ढोबळपणाला झाकून टाकतो का. विभागात दाखवायला तो उपयोगी पडेल.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, स्ट्रूप, फ्लँकर, शब्द-ओळख, सायमन (खूण डावीकडे दिसली की उजवीकडे, ते सोडून तिच्या रंगाला उत्तर देणं) यातल्या कशालाही बॉक्स नाही म्हणून थांबू नका.

सोल्डरगन

नाशिकहून नमस्कार. मी सायकॉलॉजीवाला नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाला, पण बायको याच विषयात पीएचडी करतेय म्हणून तिला दोन पेट्या करून दिल्यात आणि त्या दोन वर्षं चालतायत. ताई, हजाराच्या आत एक पेटी होते, लिहून घ्या.

प्रो मायक्रो नावाचा छोटा बोर्ड मिळतो, त्यात ३२यू४ चिप असते. हीच चिप मागायची कारण ती कॉम्प्युटरला थेट 'मी कीबोर्ड आहे' असं सांगू शकते. दुकानदार ऊनो (आर्डुइनोचा नेहमीचा बोर्ड) हातात देईल, तो घेऊ नका, साधा ऊनो थेट कीबोर्ड बनत नाही. मग दोन आर्केड बटणं, ३० मिलिमीटरची, गेम पार्लरच्या मशीनवर असतात तशी. प्रत्येक बटणाचा एक पाय बोर्डाच्या पिनला, दुसरा ग्राउंडला, वेगळा रेझिस्टर लागत नाही, बोर्डाच्या आतलाच पुल-अप रेझिस्टर चालू करायचा. बस. प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स हार्डवेअरच्या दुकानात मिळतो त्यात भोकं पाडून बसवा.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सगळं सामान मिळतं, मुंबईला लॅमिंग्टन रोड आहेच, नाहीतर ऑनलाइन मागवा.

दोन गोष्टी मात्र नीट करा. एक, प्रोग्राममध्ये डिबाउन्स उलटा लिहायचा. बहुतेक जण आधी थांबतात, संपर्क स्थिर झाला की मग की पाठवतात, त्यात ५-१० मिलिसेकंद विनाकारण जातात. तुम्ही पहिला स्पर्श झाल्या झाल्या की पाठवा आणि नंतरचे २०-३० मिलिसेकंद कान बंद ठेवा, थरथर त्यात निघून जाते. दुसरं, या बोर्डाचा मायक्रो यूएसबीचा सॉकेट फार नाजूक असतो, मुलांनी वायर ओढली की तांब्यासकट उखडून येतो, म्हणून बसवल्या बसवल्या ग्लू गननं चारी बाजूंनी भरून टाका आणि केबलला पेटीच्या आत गाठ मारा.

हा बोर्ड यूएसबीवर दर १ मिलिसेकंदाला हजेरी देतो, त्यामुळे वर दादांनी सांगितलेला ८ चा जिटर १ वर येतो.

प्रोग्रामिंग नको असेल तर अजून एक युक्ती. वायरचा गेमिंग माउस घ्या, १००० हर्ट्झवाला, उघडा, डाव्या-उजव्या क्लिकच्या स्विचच्या पायांवर दोन-दोन वायरी सोल्डर करा आणि बाहेर मोठी बटणं लावा. झाली पेटी.

उत्रेख्तकर

@सोल्डरगन, प्रो मायक्रोला पूर्ण अनुमोदन, पहिल्या स्पर्शाला की पाठवायची युक्ती तर फारच महत्त्वाची. पण माउसच्या बाबतीत एक अडचण आहे. सायकोपायमध्ये माउसचं बटण दर फ्रेमला एकदाच तपासलं जातं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे माउस हजार हर्ट्झचा असला तरी तुमच्या फाइलमध्ये वेळ १६.७ च्या पायऱ्यांनीच उतरणार. कीबोर्डचं तसं नाही, त्याचा नवा कीबोर्ड कंपोनंट वापरला तर वेळेची नोंद फ्रेमवर अवलंबून राहत नाही. म्हणून कॉम्प्युटरला कीबोर्ड वाटणारी पेटी माउसपेक्षा सरस.

ताई, तुमच्याकडे आत्ता जो डेटा आहे तो उघडून बघा. वेळा जर १६-१७ च्या पटीतच गोळा झालेल्या दिसल्या तर कोड जुन्या पद्धतीचा आहे, तो आधी बदला. घड्याळही स्टिम्युलस (दाखवायचा शब्द किंवा चित्र) स्क्रीनवर येतो त्या फ्लिपलाच, म्हणजे चित्र बदलण्याच्या क्षणीच, शून्य होतंय ना ते बघा. पेटीवर एक रुपया खर्च करण्याआधी ही फुकटातली दुरुस्ती.

निवृत्त_मास्तर

कृष्णाकाठ मॅडम, तुमचा विभाग ज्या कारणासाठी अडलाय ते वाचून लिहावंसं वाटलं. मी १९७० च्या दशकात शिकलो. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर क्रोनोस्कोप होता. दोन लंबक, एक किंचित लांब आणि एक किंचित आखूड. सूचना मिळाली की एक सुटायचा, मुलानं खटका दाबला की दुसरा, आणि मग दोन्ही लंबक एकत्र येईपर्यंत झोके मोजत बसायचे, सगळा वर्ग श्वास रोखून. त्यातून सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागापर्यंतची वेळ कळायची. पन्नासावा भाग म्हणजे २० मिलिसेकंद. तुमचा दोन-चारशे रुपयांचा कीबोर्ड त्यापेक्षा बारीक मोजतो.

आणि त्या लंबकांवरसुद्धा साधी प्रतिक्रिया आणि निवडीची प्रतिक्रिया यातला फरक दर वर्षी, दर बॅचला निघायचा. आवाजाला माणूस प्रकाशापेक्षा लवकर प्रतिसाद देतो हेही निघायचं. कारण आम्ही पन्नास-पन्नास वेळा मोजायचो. उलरिश आणि गिराय यांनी १९८९ साली हेच गणितानं दाखवलं, घड्याळ ढोबळ असलं तरी सरासरीतला फरक शोधायला फारसं बिघडत नाही. मला तो पेपर निवृत्तीच्या जवळ असताना वाचायला मिळाला आणि आमच्या लंबकांची आठवण होऊन फार बरं वाटलं.

मुलांना थांबवू नका एवढीच विनंती. प्रयोग घेतला नाही तर मुलगा प्रयोग शिकत नाही.

रेवा_बंगळुरू

मी थोडी वेगळी बाजू मांडते, कारण हा धागा वाचून कुणी सगळीकडेच साधा कीबोर्ड लावायला नको. मी ईईजीवर काम करते. तिथे प्रत्येक दाबाची खूण मेंदूच्या लहरींच्या रेकॉर्डिंगवर नेमक्या जागी पडावी लागते. उदाहरणार्थ माणूस चुकीचं बटण दाबतो तेव्हा दाबल्यापासून १०० मिलिसेकंदांच्या आत डोक्याच्या पुढच्या-मधल्या भागात एक ऋण लाट उठते. ती दाबाच्या क्षणाला धरून शंभरेक ट्रायलची सरासरी काढून बघायची असते. खूणच मागेपुढे हलत असेल तर लाटेचं टोक पसरतं आणि बुटकं होतं. कायमचा उशीर नंतर सरकवून दुरुस्त करता येतो, हलता उशीर नाही.

तसंच बोटानं ताल धरण्याचे प्रयोग. तिथे माणसाचा हलतेपणाच मोजायचा असतो आणि तो मुळातच थोडा असतो, त्यात कीबोर्डचे मिलिसेकंद मिसळले तर काय मोजलं हेच कळत नाही. आणि एमआरआय मशीनच्या खोलीत तर घरगुती पेटी नेण्याचा विचारही करू नका, तिथे फायबर ऑप्टिकवाली, धातू नसलेली, त्याच कामासाठी बनवलेली पेटीच लागते, हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

बाकी प्रो मायक्रोची पेटी ईईजीलाही चालू शकते हं. दाब आला की त्याच क्षणी त्याच बोर्डाच्या दुसऱ्या पिनवरून ट्रिगर पल्स (खुणेचा सिग्नल) थेट ईईजीच्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटला पाठवता येतो, कॉम्प्युटर मध्ये येतच नाही. फक्त तुमच्या ॲम्प्लिफायरला किती व्होल्ट चालतात ते मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमची पोस्ट मी विभागाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे.

डेटा उघडून बघितला, उत्रेख्तकर. खरंच १६-१७ च्या पायऱ्या होत्या! इंटरनेटवरून उचललेला जुना कोड होता. कीबोर्ड कंपोनंट लावल्यावर आकडे नीट सुटे सुटे यायला लागले.

आता पुढचा प्रश्न. माझ्या पाच मशीनचे कीबोर्ड वेगवेगळे आहेत. एका मुलाला हॉस्टेलवर राहणारी आणि घरून येणारी मुलं अशी तुलना करायचीये. हॉस्टेलची मुलं संध्याकाळी येतात तेव्हा मागची खोली उघडी असते, घरची मुलं सकाळी पुढच्या खोलीत. यात काही गडबड आहे का?

उत्रेख्तकर

आहे, आणि मोठी आहे, बरं झालं आधी विचारलंत. वर मी म्हटलं कायमचा उशीर वजाबाकीत उडतो, ते एकाच माणसाच्या दोन कंडिशनमध्ये. दोन गटांची तुलना करताना दोन्ही गट वेगवेगळ्या मशीनवर बसले तर मशीनमधला फरक जसाच्या तसा गटांमधला फरक म्हणून समोर येतो. पुढच्या खोलीतला कीबोर्ड १५ मिलिसेकंदांनी लवकर कळवत असेल तर घरून येणारी मुलं १५ मिलिसेकंदांनी चपळ ठरतील, आणि मुलगा प्रोजेक्टमध्ये घरच्या जेवणाचं महत्त्व लिहून मोकळा होईल. मॉनिटरचंही तसंच, कुठला मॉनिटर किती उशिरा चित्र दाखवतो ते बाहेरून कळत नाही.

त्यामुळे एकतर दोन्ही गट एकाच मशीनवर, किंवा प्रत्येक मशीनवर दोन्ही गटांतली सारखी मुलं. सकाळ-संध्याकाळसुद्धा वाटून टाका, तो वेगळाच घोळ आहे. पेट्या करणार असाल तर पाचही एकसारख्या करा, तीच बटणं, तोच बोर्ड, तोच प्रोग्राम. महाग एक घेण्यापेक्षा सारख्या पाच घेतलेल्या केव्हाही बऱ्या.

बोरीबंदर_ते_बोरिवली

मी एम.ए. पार्ट टू, मुंबई. माझा ब्लूटूथ कीबोर्ड आहे आणि लॅपटॉप स्वतःचा, तो चालेल का? कारण लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड छोटा आहे, दोन्ही हात जवळ जवळ येतात.

सोल्डरगन

ब्लूटूथ नको रे. बॅटरी वाचवायला तो मधेच झोपतो, मग पहिला दाब उशिरा पोचतो, आजूबाजूला वायफाय आणि दहा जणांचे इअरबड चालू असतील तर अजून घोळ, आणि हा उशीर दर वेळी वेगळा. वायरचा साधा कीबोर्ड घे. आणि लॅपटॉप चार्जरला लावूनच प्रयोग घे, पॉवर सेव्हिंग बंद, अँटिव्हायरसचा स्कॅन आणि अपडेट बंद, इंटरनेट बंद.

उत्रेख्तकर

हात जवळ येतात हा मुद्दा मात्र बरोबर पकडलायस. त्यावर कुणी लिहीत नाही. डाव्या टोकाची एक आणि उजव्या टोकाची एक की घे, इंग्रजी ए आणि एल पुरेत, दोन्ही हातांच्या तर्जन्या त्यावर आधीपासून टेकवून ठेवायला सांग. सायमनच्या प्रयोगात तर डावं-उजवंच महत्त्वाचं असतं, तिथे एकाच हाताची दोन बोटं आणि दोन चिकटलेल्या कीज घेतल्या की डावं-उजवं नीट राहत नाही. शब्दाला उजवा हात आणि बनावट शब्दाला डावा असं सगळ्यांना एकच ठेवू नकोस, अर्ध्यांना उलटं दे, नाहीतर उजव्या हाताचा वेग शब्दाच्या खात्यात जमा होतो.

अनुस्वार

भाषाशास्त्रातून डोकावतेय. स्ट्रूप तोंडी घेणार असाल तर कृपया थांबा आणि हे वाचा. आवाज एका पातळीच्या वर गेला की घड्याळ थांबवणारी जी व्हॉइस की असते ती सगळ्या अक्षरांना सारखं वागवत नाही. 'पिवळा'च्या प ला ओठ उघडताना एकदम स्फोट होतो, तो लगेच पकडला जातो. पण त्याआधी ओठ मिटलेले असतात तो वेळ तिला दिसतच नाही. 'हिरवा'चा ह म्हणजे नुसता श्वास, तो पातळीच्या खालीच राहतो आणि घड्याळ थांबतं ते इकारावर. 'स'चंही असंच, सुरुवातीची सळसळ हळू असेल तर हुकते.

स्ट्रूपमध्ये याचं नुकसान कमी, कारण लाल, निळा, हिरवा, पिवळा हे चारही उच्चार दोन्ही कंडिशनमध्ये सारख्याच वेळा येतात. ते सारखे येतायत ना ते मात्र मोजून बघा. पण वेगवेगळ्या शब्दांच्या याद्या मोठ्यानं वाचून घ्यायच्या असतील तर एका यादीत ह-स जास्त आणि दुसऱ्या यादीत प-ट जास्त झाले की निकालच फिरतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे व्हॉइस की घ्यायचीच नाही. सरळ रेकॉर्ड करा आणि प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आवाजाची सुरुवात डोळ्यांनी बघून खूण करा, प्राट फुकट आहे. वेळखाऊ आहे हे मान्य, पण मुलं त्यात मराठी ध्वनी अक्षरशः डोळ्यांनी बघायला शिकतात. साउंड कार्डला स्टिरिओ लाइन-इन असेल तर एका चॅनलवर माइक आणि दुसऱ्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यात चिकटवलेला फोटोडायोड (प्रकाश ओळखणारा छोटा सुटा भाग), म्हणजे चित्र कधी आलं आणि आवाज कधी आला हे दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये मिळतं.

शेवंती_नागपूर

मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं आहेत. आमच्याकडे अधूनमधून कॉलेजची मुलं लक्ष आणि स्मृतीच्या टेस्ट घ्यायला येतात आणि पोरांसमोर कीबोर्ड ठेवतात. बोट एका कीवर नेमकं नेता येत नाही, तीन कीज एकदम दाबल्या जातात, मग 'चुकीचं उत्तर' अशी नोंद होते. पोराला उत्तर येत असतं हो! मला फार वाईट वाटतं, कारण ते कागद पुढे पालकांच्या हातात जातात.

सोल्डरगन भाऊ, तुमच्या पेटीला तळहाताएवढं बटण लावता येईल का? आमच्याकडे खेळण्यांना जोडायचे मोठे स्विच आहेत, त्यांना इअरफोनसारखी पिन असते.

सोल्डरगन

नक्की येईल ताई. ती ३.५ मिलिमीटरची पिन असते, पेटीला तसे दोन सॉकेट बसवायचे, आतून वायरिंग अगदी तेच, एक टोक पिनला, एक ग्राउंडला. मग पोराला जो स्विच जमतो तो, हाताचा, कोपराचा, पायाचा, तो जोडा. हात थरथरत असेल तर एका दाबानंतर कान बंद ठेवायचा वेळ ३० ऐवजी ३०० वगैरे करा, पहिला स्पर्श तेवढा मोजला जाईल. लाकडी पाटीला वेल्क्रोनं स्विच घट्ट बसवा म्हणजे सरकणार नाही.

रेवा_बंगळुरू

शेवंतीताई, तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे. या मुलांच्या बाबतीत हातानं बटणापर्यंत पोचायला लागणारा वेळ आणि विचाराला लागणारा वेळ वेगळे काढायलाच हवेत. आधी फक्त 'दिसलं की दाब' असं साधं वीस-तीस वेळा घ्या, मग निवडीचं काम. दोन्हींची तुलना त्याच मुलाशी, दुसऱ्या मुलाशी नको.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी परत आलेय. पाच पेट्या तयार झाल्या! शेजारच्या पॉलिटेक्निकच्या दोन मुलांनी सोल्डरिंग केलं, आमच्या मुलींनी भोकं पाडली. सगळा खर्च बजेटच्या निम्म्याच्याही आत राहिला.

पण मला सगळ्यात जास्त आनंद तपासणीचा झालाय, ती सांगते. सोल्डरगननी व्यक्तिगत निरोपात सुचवलं होतं की बनावट बोट तयार करा. स्क्रीनच्या मध्यभागी फोटोडायोड चिकटवला, तो एका ऊनोला जोडला. पांढरा चौकोन दिसला की ऊनो बरोबर ३०० मिलिसेकंद थांबतो आणि पीसी८१७ ऑप्टोकपलरमधून (प्रकाशानं चालणाऱ्या छोट्या स्विचमधून) पेटीच्या बटणाची दोन टोकं जोडतो, म्हणजे माणसाशिवाय बटण दाबलं जातं. आम्ही पहिल्यांदा एलडीआर (प्रकाशानं बदलणारा रेझिस्टर) लावला होता, तो प्रकाशाला फार सुस्त निघाला, म्हणून फोटोडायोड. मग सायकोपायच्या फाइलमध्ये ३०० च्या वर जे काय येईल तो सगळा उशीर.

२०० दाब घेतले. पेटीवर सरासरी ३१६ आली आणि स्टँडर्ड डेव्हिएशन १ च्या आसपास. मग एका जुन्या कीबोर्डचं पोट उघडून त्याच्या चिपवर तशाच वायरी लावल्या, तिथे सरासरी ३३८ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ३. म्हणजे या मॉनिटरवर १५-१६ मिलिसेकंद बहुतेक स्क्रीनचेच, कारण ६० हर्ट्झवर चित्र वरून खाली रंगत येतं आणि मध्यापर्यंत यायलाच अर्धी फ्रेम, ८ मिलिसेकंद, जाते. दुसऱ्या एका मशीनवर तीच पेटी लावली तर ३३१! पेटी तीच, केबल तीच, फक्त मॉनिटर वेगळा. मुलांनी डोळ्यांनी बघितलं की उशीर कुठून येतो. हे त्यांना कुठल्या विकतच्या बॉक्सनं शिकवलं असतं?

विभागानं परवानगी दिली. हॉस्टेल आणि घरच्या मुलांना मशीनवर सारखं वाटून दिलंय. शब्द-ओळखवाल्या मुलीनं दर कंडिशनला ४० ऐवजी १०० ट्रायल केल्या, मधे दोन वेळा विश्रांती ठेवलीये कारण पन्नासएक ट्रायलनंतर मुलं पेंगतात.

बोरीबंदर_ते_बोरिवली

मॅडम, प्रोजेक्टच्या पद्धतीच्या भागात हे कसं लिहायचं? आमचे गाइड म्हणतात घरगुती पेटी लिहिली तर परीक्षक विचारतील.

कृष्णाकाठ

विचारू देत, उत्तर आहे आपल्याकडे. आम्ही असं लिहिलंय: 'प्रतिसाद यूएसबी वायरच्या दोन बटणांच्या पेटीवर नोंदवले. २०० कृत्रिम दाबांच्या तपासणीत स्क्रीन आणि पेटी मिळून सरासरी १६ मिलिसेकंद विलंब आणि १ मिलिसेकंद प्रमाण विचलन आढळले. प्रत्येक सहभागीने आपल्या सर्व कंडिशन एकाच मशीनवर पूर्ण केल्या.' दुसऱ्या मशीनचे आकडे वेगळे लिहिलेत. तुझा साधा कीबोर्ड असेल तरी चालेल, कंपनी आणि मॉडेल लिही, वायरचा आहे हे लिही, मॉनिटर किती हर्ट्झचा ते लिही, शक्य झालं तर तपासून लिही. तपासणीचा ऊनो आणि फोटोडायोड मी कुरियरनं पाठवू शकते, आठ दिवसांत परत कर म्हणजे झालं, पुढे जळगावच्या एका मॅडमना हवाय.

शेवंतीताई, तुमच्यासाठी सहावी पेटी करायला घेतलीये. सॉकेट ३.५ चेच बसवतोय, दोनऐवजी तीन ठेवू का? आणि कान बंद ठेवायची वेळ बाहेरून फिरवता येईल असं एक नॉब लावतोय, दर मुलाला वेगळी लागेल ना.

शेवंती_नागपूर

तीन ठेवा. एक मुलगा दोन्ही पायांनी आणि हनुवटीनं दाबतो. आणि नॉबवर आकडे मोठे लिहा, आमच्या वर्गात उजेड कमी आहे.